मोशेचा नियम आणि शोशाम्माचा नवरा

शोशाम्माचा राग कुणावर असेल, तर तो मोशेवर. शेजारणीवर नाही, चर्चच्या कमिटीवर नाही, रबराचे भाव पाडणाऱ्या व्यापाऱ्यावरसुद्धा नाही. मोशेनं अहरोनाच्या घराण्यातल्या याजकांना नियम घालून दिले, आणि त्यांचा ताप इतक्या शतकांनी कोट्टयमजवळच्या एका गावात आपल्याच डोक्याला का व्हावा, हे तिला आजवर कुणी धड समजावून सांगितलेलं नाही.

पाद्रीपणाची दीक्षा झाल्यावर लग्न करता येत नाही, तेव्हा पौलोसचं लग्न त्याआधी उरकायला हवं होतं, म्हणून तिला घाईघाईनं त्याला दिली. तो अच्चन झाला, म्हणजे गावचा पाद्री, आणि ती साऱ्या गावाची कोच्चम्मा. याजकाची बायको कशी असावी, मुलीनं कसं वागावं, हे शास्त्रात लिहिलेलं आहेच. जे राहून गेलं होतं ते गावानं भरून काढलं. कोच्चम्मानं मोठ्यानं हसू नये. कोच्चम्मानं मासेवाल्याशी घासाघीस करू नये. मुलीनं कॉलेजच्या नाटकात काम केलं, तर पुढच्या रविवारी तीन बायका चहाच्या निमित्तानं चौकशीला हजर. शोशाम्मानं सगळं गिळलं. गिळताना चेहरा मात्र कधी गोड ठेवला नाही, आणि तेवढी सूट तिनं स्वतःच स्वतःला दिली होती.

मग अच्चनचे हात थरथरायला लागले. आधी झग्याची बटणं लागेनात, मग चहाचा पेला अर्धाच भरावा लागायचा. ओणमच्या सुमारास एका रविवारी कुर्बान्यात, म्हणजे प्रभुभोजनाच्या उपासनेत, प्याला कलला आणि वेदीच्या कापडावर थोडा द्राक्षारस सांडला. प्रभूचं रक्त ते. अच्चननी स्वतःहून बिशपांना कळवलं, की मी आता वेदीपाशी उभा राहणार नाही. त्यांच्या जागी एल्दोस आला. अच्चनच्याच हाताखाली शिकलेला, अजून दाढी नीट न भरलेला पोरगेला पाद्री.

इथवर शोशाम्माची काही तक्रार नव्हती. पण अच्चननी चर्चमध्ये पाऊल टाकणंच सोडलं. रविवारी घंटा वाजली की झगा घालून ओसरीवर बसायचे आणि घंटा थांबली की आत जाऊन आडवे व्हायचे. नाताळ गेला, ईस्टरआधीचा मोठा उपास आला. ज्या माणसानं अख्ख्या गावाला प्रभूची भाकर भरवली, तो महिनोन्‌महिने तिच्याशिवाय राहिला होता. रोजचं जेवणही कमी झालं होतं. हा माणूस असाच उपाशी मरणार, असं तिला वाटायचं, आणि तोंडातून मात्र राग बाहेर यायचा.

एल्दोस म्हणाला, "कोच्चम्मा, मी घरी घेऊन येतो ना कुर्बाना."

यावर आतून अच्चनचा आवाज, "ते आजाऱ्यांसाठी असतं. मी आजारी नाही."

"ऐकलंस?" शोशाम्मा म्हणाली. "वेदीपाशी जायला आजारी, आणि घरी घ्यायला धडधाकट."

एका शनिवारी कप्प्याच्या कंदाच्या फोडी चिरता चिरता तिचा बांध फुटला. "उद्या चर्चला यायचं, अच्चन. पुष्कळ झालं."

"व्यंग असलेल्या याजकानं पडद्याच्या आत जाऊ नये, असा मोशेचा नियम आहे, शोशाम्मा."

"पडद्याच्या बाहेर केवढं चर्च आहे. सगळं गाव तिथंच उभं राहतं."

"तू समजून घेत नाहीस."

"मी जन्मभर दुसरं काय केलंय? त्याच नियमात पुढं काय आहे ते सांगा. लंगडा असो, आंधळा असो, त्यानं अर्पण वाहू नये, पण देवाची भाकर त्यानं खावी. तुम्हीच शिकवत होता ना? म्हणायचात, याजकाच्या नियमातून आज आपण काय घ्यायचं, तर हे, की काम काढून घेतलं तरी देव ताट काढून घेत नाही. लोक डोळे पुसायचे. ते दुसऱ्यांसाठी होतं वाटतं?"

अच्चननी थरथरती बोटं मुठीत लपवली. मग पुटपुटले, "माझ्या हातानं घ्यायचो मी. वेदीपाशी. आता सगळ्यांच्या देखत त्या पोरापुढं तोंड उघडून उभं राहायचं."

शोशाम्मानं सुरी खाली ठेवली. "मग लाज वाटते म्हणा की सरळ. मोशेला कशाला मध्ये घातलंत?" इतके महिने आपण उगाच मोशेला शिव्या घातल्या, म्हणून तिला आणखीच राग आला.

रविवारी ते आले. पुरुषांच्या बाजूला अगदी मागं उभे राहिले. प्रसादाची रांग लागली तेव्हा जो येईल त्याला "तुम्ही व्हा पुढं" म्हणत वाट देत राहिले. रांग संपत आली. अच्चन खांबाला धरून तिथंच. शोशाम्मानं बायकांच्या बाजूनं हे सगळं पाहिलं, डोक्यावरचा पदर घट्ट केला आणि सरळ मधली मोकळी जागा ओलांडून पुरुषांत शिरली. कुणीतरी घसा खाकरला. खाकरू दे. तिनं नवऱ्याचं कोपर धरलं आणि त्यांना पुढं नेलं.

एल्दोसनं आपल्या गुरूला समोर पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला. भाकरीचा तुकडा उचललेला त्याचा हात हलायला लागला, चांगलाच हलायला लागला. डोळे भरून आले होते, त्याला नीट दिसतही नसावं. शोशाम्माच्या मनात आलं, आता हाही सांडणार, आणि उद्यापासून हाही घरी बसणार.

अच्चननी आपला थरथरता हात एल्दोसच्या मनगटाखाली धरला.

"पडत नाही, बाळा," ते हळूच म्हणाले. "माझ्यावर सोड." आणि त्यांनी तोंड उघडलं.