जोतीरामानं धरलेलं अंग

कसबा बावड्यातल्या चिमणाबाईचा सगळा विश्वास जेवणावर. नवरा जोतीराम उमेदीत तालमीतला पैलवान, पुढं शिरोलीच्या फाउंड्रीत कामाला लागला. गड्यानं काय खाल्लं की अंग धरतं, हे गल्लीत तिलाच विचारायचं. डॉक्टर नंतर.

जोतीरामाला हृदयाचं दुखणं निघालं आणि रोज रात्री कोलेस्टेरॉलची गोळी सुरू झाली. "चरबी कमी करणारी गोळी हाय," असं औषधाच्या दुकानदारानं सांगितलं. बाईनं ते पक्कं ध्यानात ठेवलं आणि तिथंच घात झाला.

कारण पुढं त्याला टीबी झाला. खोकून खोकून गडी निम्मा झाला. टीबीच्या गोळ्या चिमणाबाईनं एकही न चुकवता दिल्या. कोलेस्टेरॉलची मात्र डब्यातच ठेवली.

"आगं, ती ऱ्हायली की," जोतीराम म्हणाला.

"ऱ्हाऊ दे. अंगावर चरबी हाय कुठं आता? हाय ती बी झडवून घेतासा व्हय?"

तो हसला. बायकोपुढं बोलायची टाप पैलवानाचीही नव्हती.

मग म्हशीचं दूध, अंडी, मटणाचा रस्सा, भाकरीवर तुपाची धार. खोकला थांबला, गाल भरले. शेवटच्या तपासणीला दवाखान्यातल्या काट्यावर त्याचं वजन बघून बाई अशा तोऱ्यात घरी आली, जणू कुस्ती तिनंच मारली होती.

त्याच आठवड्यात सकाळी त्याच्या हातातून कपबशी सुटली. तोंड वाकडं झालं. उजवी बाजू गेली, वाचाही गेली.

"कोलेस्टेरॉलची गोळी कुणी बंद केली?" दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"मीच. टीबीत अंग झडाय नको म्हणून."

"मावशी, ती अंगावरचं मांस नाही हो झडवत. रक्तवाहिन्या तुंबू नयेत म्हणून असते. उलट तिच्यामुळं टीबीचाही धोका कमी होतो का, याचा अभ्यास चाललाय. अजून ठाम काही नाही, पण बंद करायची नव्हती."

"दिली असती तर ह्ये टळलं असतं?"

"कदाचित. खात्रीनं नाही सांगता येत."

त्या कदाचितनं बाईला पार खाल्लं. कुणी शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

आता जोतीराम घरात खाटेवर असतो. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून त्याला सारखं कुशीवर वळवावं लागतं. पहिल्या दिवशी चिमणाबाईनं त्याच्या खांद्याखाली हात घातले आणि होता नव्हता तेवढा जोर लावला. तिनंच खाऊ घालून वाढवलेलं ते अंग तिच्यानं तसूभर हलेना. तो डोळे उघडे ठेवून तिच्याकडं बघत होता. शेवटी ती दारात गेली आणि शेजारच्यांना हाक मारली.