टाकीतलं पेट्रोल

माझ्या लांब राहणाऱ्या नातवंडांनो, काल फोनवर तुम्ही विचारलंत, नानांचं लाकूड कापायचं मशीन चालू आहे ना? मी हो म्हटलं. ते खोटं होतं, म्हणून हे लिहिते आहे.

नाना गेले त्याला दोन महिने झाले. शेताच्या वाटेवर निंब आडवा पडला होता. त्या सकाळी ओट्यावर बसून त्यांनी कानशीने चेनच्या दातांना धार लावली, एकेका दाताला तीनच हात. मग टाकी भरली आणि म्हणाले, "च्या ठेव, मंग जास." मी चहा घेऊन आले तेव्हा ते खांबाला टेकले होते...

मशीन घेतलं तेव्हा त्याचं पुस्तक इंग्रजीत होतं. मी वाचून अर्थ सांगायची. 'चोक'पाशी अडले, तेव्हा शब्दकोशातलाच अर्थ सांगितला, गळा दाबणं. नाना हसत सुटले. "यंत्रना बी गया दाबतस का?" अहिराणीत गळा म्हणजे गया. तोच शब्द पुढे रुळला. कुणी मशीन मागायला आलं की सांगायचे, "आधी तिना गया दाब, मंग दोरी वढ. खोकनी का लगेच सोडी दे." सोडायचं राहिलं की पेट्रोल जास्त होऊन प्लग भिजायचा. मग तो काढून पुसत बसायचे, "चुकी तुन्ही, शिक्षा तिले," असं पुटपुटत.

काम झालं की टाकी रिकामी करायची आणि मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालवायचं, हा नियम मीच त्यांना वाचून दाखवला होता. त्यांनी तो कधी चुकवला नाही. ते गेल्यावर मला मात्र टाकी ओतवेना. त्यांनी भरलेलं पेट्रोल होतं ते... मी झाकणालाही हात लावला नाही.

निंब अजून तसाच होता. तो नानांच्याच मशीनने कापून घ्यावा, म्हणून गेल्या आठवड्यात मी ते बाहेर काढलं. चारदा दोरी ओढली, खांदा भरून आला. ते खोकलंसुद्धा नाही. शहाद्याहून सुकलाल मेकॅनिक आला, कार्ब्युरेटर उघडून बघत राहिला.

"मावशी, पेट्रोल नासी गये. मझार गोंद जमी गया. नानांनी आसं कधी ऱ्हाऊ दिधं नही."

त्याने आत चिकटलेला थर बोटाने खरवडून मला दाखवला.

"फेकू का?"

मी मान हलवली. त्याने पेट्रोल अंगणाच्या कोपऱ्यात ओतलं. ओली माती दुपारपर्यंत वाळलीही. त्याने प्लग बदलला, आतलं सगळं धुतलं, तरी मशीन सुरू झालं नाही. आतला पातळ पडदा कडक झालाय म्हणाला, आणि या जुन्या मशीनचा तो आता मिळत नाही.

घरात नियमाची म्हणून मलाच सगळे हसायचे. त्यांच्या मशीनचा एवढा एक नियम माझ्याकडून मोडला.

निंब वाटेत आहे. मशीन बंद आहे. आज सकाळी ते पुसताना चेन बोटाला लागली, रक्त आलं. नानांनी लावलेली धार तेवढी अजून आहे.