झाकणाखालचा वास

जेऊर स्टेशनवर गाडी हलायला लागली तशी आईनं खिडकीतून हात घालून माझ्या पिशवीत कडक भाकऱ्यांची चवड कोंबली. म्हणाली, "तितं तव्याम्होरं पुस्तक घिऊन बसू नगं. करपलं तर वास हितपत्तुर येतोय मला!" डब्यातली माणसं हसली. मी हसले नाही, कारण ते खरं होतं. आमचं घर उजनीच्या पाण्याकाठी. आई शेळ्यांमागं असली तरी घरात माझी भाकरी करपली की बांधावरून हाक यायची, "सुमे, जळली बघ!"

गावाकडं राहिलेल्यांनो, आणि माझ्यासारखं निघून आलेल्यांनो, हे तुमच्यासाठी लिहितेय.

आता शहरात, सात रस्त्याजवळ माझं दोन खोल्यांचं घर आहे. दारावरच्या पाटीत नावापुढं पदवी लिहिली आहे. घरातली पहिली पदवी आहे, हसणाऱ्यांनी खुशाल हसावं. पाहुणे आले की मी चीज टोस्ट करते. पावाला लोणी, त्यावर शेंगाचटणी, वर किसलेलं चीज, कांदा, मिरची. आच मंद आणि तव्यावर झाकण. आत काय चाललंय ते दिसत नाही, म्हणून सगळी भिस्त नाकावर.

मागं एकदा आई राहायला आली होती, तेव्हा ऑफिसातल्या दोघी मैत्रिणी यायच्या होत्या. माझी तयारी बघून आई म्हणाली, "पावाला मलम लावतीस व्हय?" तिला तव्याशेजारी स्टुलावर बसवलं, "खरपूस वास आला की उतरव," म्हटलं आणि मैत्रिणींना घ्यायला खाली गेले. परत येताना जिन्यातच करपल्याचा वास आला. एक मैत्रीण म्हणाली, "कुणाचं तरी जळतंय गं." मी निर्धास्त होते. आमच्या तव्याजवळ आई बसली होती.

दार उघडलं तर झाकणाच्या कडेनं काळा धूर निघत होता. तव्याकडं पाठ करून आई शांतपणे लसूण सोलत होती.

"आये, वास नाय आला?"

"कसला?"

मी सोललेली पाकळी चुरडून तिच्या नाकाशी धरली. तिनं मान खाली घातली. "लई दिस झालं, सुमे. शेळ्यांचाबी येत न्हाय. कुणाला सांगू नगं."

डॉक्टरांनी तपासलं. वास परत येईल असं काही ते बोलले नाहीत. इथंच राहा म्हणून मी हट्ट धरला, तर म्हणाली, "शेळ्या काय तुझ्या जिन्यात बांधू?" आणि गेली.

गावातल्या घरी गॅस मीच आणून दिलाय. चूल सोड म्हणून तिच्याशी भांडले होते, सगळ्या गल्लीला अभिमानानं दाखवला होता. ओट्यासमोर खिडकी आहे. पाण्यावरचा वारा आत आला की बारीक आच विझते. तेव्हा ती गंमत वाटायची.

आता रोज अंधार पडताना फोन करते. काल तव्यावर टोस्ट ठेवून फोन लावला, तर तिनं लवकर उचलला नाही. उचलला तेव्हा म्हणाली, "शेरडं बांधत हुते की. दूध ठिवलंय तापाया."

"आच दिसतीय का?"

"लाईट गेलीय. दिसत न्हाय काय. थांब, काडी वढते."

"काडी नको! आये, काडी नको वढू!" मी एवढ्यानं ओरडले की शेजारचं दार उघडलं. "चाचपून गॅसचं बटण बंद कर. खिडकी, दार, समदं उघड आन् भाईर बस."

भांडं वाजलं. कडी वाजली. मग फोनमध्ये वाऱ्याचा आवाज आणि शेळ्या.

"बसले बाई. चालूच हुतं बटण. इझलं कवा कळलंच न्हाय." मग थोड्या वेळानं, लहान पोरीसारखं, "आता गेला आसल का गं वास? जाऊ का आत?"

एवढ्या वर्षांत घर म्हटलं की मला तिथला वास आठवायचा. फोन कानाला घट्ट लावून मी खोल श्वास घेतला. नाकात आला तो माझ्याच तव्याचा वास.

"बसून राहा," म्हटलं. "मी सांगेपर्यंत."