आयुष्यात एकदाच मिळणारा भत्ता

“आज नगं सायेब, बघू म्होरं,” असं म्हणत मामा कागदांची पिशवी काखेत मारायचे आणि मी ‘बसा’ म्हणायच्या आत दुकानाबाहेर पडायचे. पाच मिनिटांनी पुन्हा दारात हजर!

माझं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान अक्कलकोट रोडला, एमआयडीसीच्या तोंडाशी आहे. असल्या दुकानात तुम्ही कधी रांगेला उभे राहिला असाल, तर असा एक उभ्या पायाचा माणूस तुम्हीही पाहिला असेल. मामा मूळचे वैरागचे, पन्नाशी उलटलेले. उभी हयात टॉवेलच्या यंत्रमागावर गेली.

कारखाना बंद पडला तेव्हा बेकारी भत्त्याचे नियम मीच त्यांना समजावले. काम स्वतःहून सोडलेलं नसावं. कामगार विम्याचा हप्ता पगारातून नीट कापलेला असावा. अर्ज ज्याचं काम गेलं त्यानंच करायचा, घरच्यांनी नाही. मग साधारण निम्मा पगार, फार तर तीन महिने. मामा सगळ्यात चोख बसत होते. बोलता बोलता मी म्हणालो, “आणि हा आयुष्यात एकदाच मिळतो.”

झालं, तिथंच घोडं पेंड खायला लागलं.

“एकदाच व्हय? मग आत्ताच कशाला मोडायचा? ह्याच्यापरीस वाईट दिस आला तर?”

मला हसू आलं. मामांच्या घरी मी एकदा गेलो होतो. माझ्यासाठी त्यांनी ट्रंकेतली कोरी चादर अंथरली आणि मी उठताच घडी घालून त्यांनी ती परत आत ठेवली. पाहुण्यांची चादर घरच्यांनी वापरायची नाही, हा त्यांचा कायदा. भत्त्यालाही त्यांनी तोच लावला.

पण जीव थाऱ्यावर नव्हता. एक दिवस अर्ज करतो म्हणायचे, दुसऱ्या दिवशी नको. मध्येच मार्केट यार्डात पोती उतरवायला जायचे. दम लागलेला दिसायचा. माझा पारा चढायचा.

“मामा, अर्जाला मुदत असते! या वयात पोती उचलताय, आणखी वाईट दिवस तो कुठला?”

त्या दिवशी ते पहिल्यांदा खुर्चीवर टेकले. अर्धा फॉर्म भरला आणि त्यांचा फोन वाजला. यार्डात गाडी लागली होती.

“येवढी गाडी उतरवून येतो. काम मिळालं म्हंजी आज काय तसा वाईट दिस न्हाय.”

“आता पुन्हा येऊच नका,” मी ओरडलो. ते हसत गेले. माझं ते वाक्य मला अजून खातं.

पंधरा दिवसांनी मामी आल्या. काखेत तीच पिशवी. त्याच दिवशी यार्डात छातीत कळ आली आणि मामा पोत्यापाशीच गेले, एवढं त्यांनी उभ्या उभ्या सांगितलं. मग त्यांनी पिशवी माझ्या टेबलावर ठेवली.

“त्येंचं ते एकदाचं शिल्लक हाय न्हवं? लई वाईट दिस आला की सायेबाकडं जा, म्हणायचे. आलाय की आता.”