तिळगुळाच्या दिवशीचं भाषांतर

संक्रांतीच्या कार्यक्रमाची ती क्लिप तुमच्या फोनमध्ये अजून आहे का?

असेल. मॉन्ट्रियलच्या मराठी घरांत ती सगळीकडे फिरली. काळ्या साड्या, मागे उभे केलेले माहितीफलक, मधे खुर्चीत मादाम एस्तेर, आणि त्यांच्या शेजारी माइक धरून मी. त्या दोन-तीन मिनिटांत खरं काय झालं, ते मी आपल्यापैकी कुणालाच अजून सांगितलेलं नाही. आईला नाही. बाबांना तर नाहीच.

मंडळाच्या अंकात भांडणारी मुलगी म्हणून तुम्ही मला ओळखता. इचलकरंजीच्या आमच्या घरात गोष्टींच्या पुस्तकांआधी पत्रकं आली. बाबा ती लिहायचे, छापायचे – जातीविरुद्ध, बुवाबाजीविरुद्ध – आणि मी एसटी स्टँडवर वाटायचे. त्यांचा एकच नियम होता: खाली नाव नसलेलं पत्रक वाटायचं नाही. नाव लपवतो तो पळपुटा, म्हणायचे. त्याच तोऱ्यात मी कॅनडात आले, फ्रेंच शिकले आणि होलोकॉस्टच्या एका संग्रहालयात स्वयंसेवक झाले. ते संग्रहालय लोक येतील म्हणून वाट बघत बसत नाही. फलक, जुन्या वस्तूंची पेटी आणि त्या संहारातून वाचलेली माणसं घेऊन ते शाळांत जातं, निरनिराळ्या समाजांच्या कार्यक्रमांत जातं. आपल्या मंडळात त्यांना, आणि त्या वाचलेल्यांपैकी मादाम एस्तेरना, मीच आणलं. "सणाच्या दिवशी हे कशाला गं?" असं कुणी म्हणालं, तर मी केवढी तावातावानं भांडले होते!

दुभाष्याचं काम शिकवताना तिथल्या बाईंनी मला बजावलं होतं – जे बोललं जाईल तेच सांगायचं. कितीही वाईट असलं तरी. मादामनी याहून वाईट ऐकलंय, उत्तर त्या देतील. तू मधे पडायचं नाहीस.

किती सोपं वाटलं होतं तेव्हा.

पहिली ठेच दारातच लागली. चर्चच्या तळघरातला हॉल, बाहेर ओल्या बुटांचा ढीग, आत हलव्याचे दागिने घातलेली बाळं. मादाम उंबऱ्यात थांबल्या. सगळ्या बायकांकडे बघत त्यांनी छातीवर हात ठेवला आणि मला हळूच विचारलं, "माझ्या माणसांसाठी या सगळ्या काळं नेसून आल्या?" आमच्याकडे संक्रांतीला काळंच नेसतात, एवढंच सांगायचं होतं. पण त्यांचे डोळे भरून आले होते. मी नुसती हसले. त्यांना वाटलं, हो.

मग त्या बोलल्या. बेल्जियममध्ये एका शेतकरीणबाईनं त्यांना लपवलं, तेव्हा त्या शाळेत जायच्याही वयाच्या नव्हत्या. निरोप घेताना आईनं सांगितलं होतं – तुझं खरं नाव कुणालाही सांगायचं नाही, मलासुद्धा नाही. त्या रात्रंदिवस मनातल्या मनात नाव घोकत राहिल्या, विसरू नये म्हणून. आई परत आलीच नाही, तेव्हा नाव विचारणारंही कुणी उरलं नाही. मी वाक्यामागून वाक्य मराठीत आणत होते. भारतातून नातवंडांकडे आलेल्या आज्या पदरानं डोळे पुसत होत्या. मला स्वतःचा अभिमान वाटत होता – होय, तोही.

मग प्रश्न. सबनीसकाका उठले.

सबनीसकाका म्हणजे जुने इंजिनिअर, या शहरात नव्यानं आलेल्या निम्म्या मराठी पोरांचे पहिले यजमान. मला विमानतळावरून त्यांनीच आणलं, बर्फावर पाय कसा टाकायचा ते हात धरून शिकवलं. तेव्हा मी त्यांच्याच बेसमेंटमध्ये राहत होते. काका मराठीत बोलले, अगदी प्रेमानं:

"ताई, तुमच्यावर ओढवलं ते वाईटच. त्यात प्रश्न नाही. पण एक मानाल की नाही, त्या हिटलरला शिस्त होती! पडलेला देश उभा केला. आपल्याकडे असा एखादा हवा होता बघा."

मागून कुणीतरी म्हणालं, "खरंय." दोघं-तिघं हसले.

मादाम माझ्याकडे बघत होत्या, वाट बघत. मला काय काय दिसलं त्या क्षणी? त्यांचा पडलेला चेहरा. काकांचा अपमान. मंडळी उठून कोट घालतायत, "हिनंच आणलं हे" म्हणतायत. आणि भर जानेवारीत रस्त्यावर पडलेली माझी बॅग. काकांनी मला कधीच बाहेर काढलं नसतं. तरी मला तीच दिसली.

मी फ्रेंचमध्ये म्हणाले – हे विचारतायत, एवढं सगळं पडल्यावर तुम्ही आपलं आयुष्य इतक्या शिस्तीनं पुन्हा उभं कसं केलंत?

मादाम खुलल्या. काकांकडे बघून त्यांनी दोनदा मान हलवली. म्हणाल्या, "अगदी बरोबर बोलतायत हे. शिस्त नसती तर काहीच उभं राहिलं नसतं."

आणि हे वाक्य मी मराठीत जसंच्या तसं सांगितलं. एक शब्दही न बदलता.

कळतंय का तुम्हाला मी काय केलं? जिची आई हिटलरच्या माणसांनी नेली, तिच्या तोंडून मी त्याचं कौतुक वदवलं. हॉलनं टाळ्या वाजवल्या. काका पुढे आले, मादामच्या तळहातावर तिळगूळ ठेवला आणि म्हणाले, "तिळगूळ घ्या, गोड गोड बोला." हे मात्र मी नीट भाषांतरित केलं.

इथवरचं सांगायला मला एवढी भीती वाटत नाही. पुढचं सांगायला वाटते.

त्या हॉलमध्ये दोन्ही भाषा नीट कळणारी मी एकटी नव्हते. मोठ्यांची फ्रेंच दुकानापुरती. पण पोरं? ती फ्रेंच शाळेत जातात आणि घरी मराठी ऐकतात. काकांची नात इरा दुसऱ्या रांगेत बसली होती. कोट घालताना ती माझ्याजवळ आली आणि दबक्या आवाजात म्हणाली, "ताई, आबांनी ते नव्हतं विचारलं. ही वॉज टॉकिंग अबाउट हिटलर."

आजूबाजूला माणसं होती. मी हसले आणि म्हणाले, "तुझं मराठी अजून कच्चं आहे गं, इरा."

तिचा चेहरा लाल झाला. "ओह," ती म्हणाली. "सॉरी, ताई."

तिनं माझी माफी मागितली.

नंतर तिनं रविवारची मराठी शाळा सोडली. आता आबांना सगळी उत्तरं इंग्रजीत देते. काका मलाच म्हणतात, "पोरगी मराठी विसरायला लागली बघ. तू तरी बोल तिच्याशी." आणि प्रत्येक गणपतीत नव्या मंडळींना सांगतात – "अहो, खुद्द त्या ज्यू बाईंनी मान्य केलं! क्लिप आहे." नवी मंडळी क्लिप बघतात. मी तिथेच वाटीत आमटी घेऊन उभी असते. मंडळाच्या अंकासाठी पुढचा जळजळीत लेख डोक्यात जुळवत.

आता संग्रहालयाला ते चित्रण शाळांसाठी वापरायचंय. मराठी भागाची फ्रेंच उपशीर्षकं तपासायला त्यांनी मलाच विचारलं. "त्या गृहस्थांचा प्रश्न किती सुंदर होता," असं लिहिलं होतं सोबत. तेव्हापासून फोन वाजला की दचकते.

गेल्या आठवड्यात संग्रहालयात जाऊन सगळं सांगितलं. ज्यांनी मला शिकवलं त्या बाईंनी उपशीर्षकांचे कागद माझ्याकडून परत घेतले. मग म्हणाल्या, "चित्रण थांबवते. मादामना मात्र तू सांगायचंस." अजून सांगितलेलं नाही. मादाम अजूनही सगळ्यांना सांगतात म्हणे, की तुमचे लोक माझ्या आईसाठी काळं नेसून आले होते. तेही मलाच काढून घ्यायचंय त्यांच्याकडून. इराच्या दारापर्यंत दोनदा गेले आणि परत फिरले. काका हा लेख वाचतील, अंकातलं पान न् पान वाचतात ते. जिला स्वतःचं नाव उच्चारायची भीती होती, तिच्या शेजारी उभी राहून मी कशाला घाबरले होते? एका बेसमेंटला. या लेखाखाली माझं नाव आहे.

ती क्लिप पुसू नका. आज घरातल्या मुलांना जवळ बसवा. आधी काकांचा मराठी प्रश्न लावा, मग माझी फ्रेंच लावा, आणि काय वेगळं ऐकू आलं ते त्यांना सांगू द्या. त्यांचं मराठी कच्चं आहे, असं म्हणू नका.