भिंग तेवढं ठेव

कॉम्प्युटरमधल्या तापलेल्या धुळीचा वास आला की अंबरनाथचे काका आठवतात. उल्हासनगरहून आणलेला त्यांचा सेकंडहॅन्ड कॉम्प्युटर फार रखडायचा, म्हणून मी त्यावर जुन्या मशीनवरही हलकं चालणारं आणि वर्षानुवर्षं अपडेट मिळत राहतील असं लिनक्स टाकलं आणि नको ते प्रोग्राम काढायला बसलो. कारखान्यात स्टोअर सांभाळलेले काका विचारल्याशिवाय काहीच काढू देईनात. "हे काय?" "गेम." "उडव. आणि हे?" "अक्षरं मोठी करणारं भिंग. तुम्हाला कशाला?" काकांनी स्वयंपाकघराकडे पाहिलं. काकू ताट नाकाशी धरून तांदूळ निवडत होत्या. "ते ठेव," काका हळूच म्हणाले, "डॉक्टर काय म्हणाले ते तिला अजून सांगितलं नाहीये." अजूनही नव्या कॉम्प्युटरवरचं नको ते सगळं मी काढून टाकतो, भिंग मात्र ठेवतो. परवा ते पहिल्यांदाच स्वतःसाठी उघडलं.