केळीच्या काट्यावर सई

वरणगावहून निघताना आईने माझ्या खांद्याला दोन पिशव्या अडकवल्या आणि कडेवर नऊ महिन्यांची सई दिली. माझी बायको सुमन बी.एड.च्या परीक्षेसाठी महिनाभर शिंदखेड्याला माहेरी होती. पेपर संपले, म्हणून तिला आणायला निघालो होतो. "पोरीला कशाला नेतोस? भुसावळ यायच्या आत तूच रडशील," आई म्हणाली. पण सुमनचा दर वेळी एकच निरोप असायचा, 'सई वाळली नाही ना?' म्हटलं, समक्षच दाखवू.

भुसावळला एसटीतून उतरलो आणि सईने आजीचे शब्द खरे करायला घेतले. पॅसेंजर लागायला अवकाश होता आणि पोरगी कमरेपासून पोटऱ्यांपर्यंत भरली होती. पुरुषांच्या प्रसाधनगृहात भांग पाडायला आरसा होता, पिशवीला खुंटी होती, पोर निजवायला मात्र वीतभर कोरडी जागा नव्हती. बायकांच्या वेटिंग रूमच्या दारात एक बाई बसल्या होत्या. "भाऊ, पुरुषांना आत येता येत नाही." आत बायकांची सगळी सोय असणार, या विचाराने माझा तिळपापड झाला.

सईचा सूर चढला तसे पार्सल ऑफिसातले एक कारकून बाहेर आले. केळी लादून झाली होती, मोठा वजनकाटा रिकामा होता. त्यांनी त्यावर केळीचं पान अंथरलं. "निजवा इथं." मी गुडघे टेकून लंगोट बदलला. सई पान फाडत खिदळू लागली. कारकुनांनी सवयीने काट्याचं माप सरकवलं.

"आठ किलो. बुकिंग कुठलं?"

"शिंदखेडा," मी म्हणालो.

गाडीत अमळनेरला एक अक्का चढल्या. पेंगणाऱ्या सईला पाहून त्यांनी बाकावरच्या गड्यांना दटावलं, "बठ्ठा सरका रे, पोरले जपू द्या!" (सगळे सरका, पोरीला झोपू द्या.) सगळे मुकाट उठले. अक्कांनी मला कळण्याची भाकरी (ज्वारी-उडदाची) आणि ठेचा दिला. बाहेर उन्हात काळी रानं पडली होती. मला फार बरं वाटत होतं.

शिंदखेड्याला सुमनने सईचे दंड चाचपले. "वाळली की हो!"

"आठ किलो भरली काट्यावर."

"दवाखान्यात नेलं होतं?"

"केळीच्या काट्यावर."

सुमन डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली.

परतताना भुसावळला सई पुन्हा ओली. मी जरा तोऱ्यातच म्हणालो, "जा, तुम्हा बायकांची आत सोय आहे."

सुमन गेली तशी परत आली. "कसली सोय? आरसा आहे, खुंटी आहे."

"मग तू आजवर कुठे बदलायचीस?"

"मांडीवर. दुसरं काय!"

प्रवासानंतर तिच्या साडीवर दिसणारा ओला डाग मला आठवला. दोन्हीकडे भिंतीला एकेक फळी ठोकायला काय हरकत आहे, या विचारात मी तिला पार्सल ऑफिसकडे नेलं. आम्हाला पाहताच कारकून पान अंथरू लागले. सुमनने सईला काट्यावर निजवलं, पदर खोचला आणि कधी नव्हे ते दोन्ही हातांनी, निवांत, लंगोट बांधला.